रोथेनबुर्गची भिंत आणि आमचा सातबारा

बाबांना गाडीत बसताना डावीकडचं दार उघडायची सवय आहे. आणि इथे जर्मनीत डावीकडे स्टिअरिंग! त्यामुळे तीन दिवसांत किमान दहा-बारा वेळा आमच्यात एकच संवाद झाला. "बाबा, तुम्ही चालवणार का?" "दे की, त्यात काय." मग गाडीला वळसा घालून ते पलीकडे जायचे. मागच्या सीटवर आई आणि बायको दर वेळी तितक्याच हसायच्या.

तर गेल्या सप्टेंबरात आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे म्युनिकला आले. नायगावहून देगलूरमार्गे हैदराबाद, तिथून विमान. सामानात शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, दोन किलो तूरडाळ (इथे मिळते हे चार वेळा सांगूनही) आणि एक प्लास्टिकचं फोल्डर. फोल्डरमध्ये काय आहे ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर अंदाज होता, म्हणूनच विचारलं नाही.

म्युनिक दोन दिवसांत बघून झालं. मग एका शुक्रवारी सुट्टी टाकली, गाडी भाड्याने घेतली आणि निघालो. भारतातलं लायसन्स इथे सहाच महिने चालतं, त्यानंतर इथली परीक्षा द्यावी लागते. ती मी दुसऱ्या प्रयत्नात पास झालो ही गोष्ट बाबांना अजून माहीत नाही.

म्युनिकहून रोथेनबुर्ग दोनशेच्या वर किलोमीटर. ते टोक आधी गाठायचं आणि येताना नॉर्डलिंगेन, औग्सबुर्ग करत परतायचं असा बेत होता. ही सगळी गावं 'रोमँटिक रोड' नावाच्या रस्त्यावर येतात. नाव ऐकून आई लाजली, पण त्यात रोमँटिक असं काही नाही. युद्धात बेचिराख झालेल्या देशात पुन्हा पर्यटक यावेत म्हणून १९५० साली जुनी गावं जोडून आखलेला मार्ग आहे तो, व्युर्त्सबुर्गपासून फ्युसेनपर्यंत. मार्केटिंग म्हणजे मार्केटिंग.

बाबा चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. दर वर्षी सहल न्यायचे. कंधारचा किल्ला, माहूर, पैठण, वेरूळ. लाल एसटीत साठ पोरं आणि दाराशी उभे राहून डोकी मोजणारे बाबा. सवय अजून गेलेली नाही. प्रत्येक स्टॉपनंतर गाडी सुरू करण्याआधी मागे वळून मोजायचे, "चार. चल."

रोथेनबुर्ग म्हणजे कॅलेंडरवरचं गाव. लाकडी चौकटींची घरं, खिडक्यांत लाल फुलं, गावाभोवती अख्खी तटबंदी. आईला एका दुकानात श्नेबाल दिसला. कणकेच्या पट्ट्या गोळा करून तळायच्या आणि वर पिठीसाखर. "ही तर चिरोट्याची बहीण!" म्हणत तिने दोन खाल्ले. त्यात अंडं असतं का, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती आणि बायको खाली बाकावर बसल्या. मी आणि बाबा तटावर चढलो. वर लाकडी छप्पर असलेली अरुंद वाट आहे, एका वेळी जेमतेम दोघं जातील एवढी. बाबांना प्रश्न पडला की एवढं जुनं गाव असं जसंच्या तसं राहिलं कसं. मी जे वाचलं होतं ते सांगितलं. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ साली, गाव शत्रूच्या हाती पडलं, ते पुन्हा काही सावरलं नाही. व्यापार गेला, पैसा गेला. नवीन बांधायला कुणाकडे काही उरलंच नाही, म्हणून जुनं टिकलं.

"म्हंजी गरिबीनं राखलं म्हण की," बाबा म्हणाले.

पण सगळंच काही राखलं गेलं नाही. ३१ मार्च १९४५ ला, म्हणजे युद्ध संपायला जेमतेम महिना उरला असताना, इथे बॉम्ब पडले आणि गावाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग गेला. तटाचाही मोठा तुकडा पडला. मग गावाने जगभर हाक दिली, की तटाचा एकेक मीटर बांधायला पैसे द्या, तुमचं नाव दगडावर कोरतो. लोकांनी दिले. त्यामुळे आज तटावरून चालताना शेजारच्या भिंतीत ओळीने नावं दिसतात. जर्मन, अमेरिकन आणि जपानी तर कितीतरी.

बाबा एकेक नाव वाचत चालले होते. हजेरी घेतल्यासारखे. मध्येच थांबले आणि भिंतीकडेच बघत म्हणाले, "सातबाऱ्यावर तुझं नाव लावायचं का रे? का इकून टाकू?"

फोल्डर. तेच ते.

आमचं शेत साडेतीन एकर होतं. कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. त्यातला दीड एकर मी इंजिनिअरिंगला असताना गेला. होस्टेल, फी, पहिला लॅपटॉप. उरलेल्या दोन एकरांलगत आता रस्ता मोठा झालाय आणि प्लॉटिंगवाला मागे लागलाय. दसऱ्यापर्यंत सांगा म्हणालाय. भाव ऐकून मी गप्प झालो होतो, कारण तेवढे पैसे मला इथे बचत करायला किती वर्षं लागतील याचा हिशोब माझ्या डोक्यात लगेच झाला होता.

"सांगतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. ब्लू कार्डवर एकवीस महिने झाले आणि जर्मन भाषेची बी-१ परीक्षा पास असली की इथे कायम राहण्याचा परवाना मागता येतो. माझे महिने भरले होते, परीक्षाही झाली होती. नोव्हेंबरातली अपॉइंटमेंटही मिळाली होती.

डिंकल्सब्यूलमध्ये आम्ही फक्त जेवलो. आणि काचेमागे पार्किंगची निळी चकती लावायला मी विसरलो, त्याचा दंड झाला. बाबांनी त्याचे लगेच रुपये केले आणि पुढचे वीस किलोमीटर कुणी काही बोललं नाही.

नॉर्डलिंगेन मात्र त्यांना फार आवडलं, आणि त्याचं कारण लोणार! हे गाव दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का पडून झालेल्या खड्ड्यात वसलंय. लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटरचं, तर हे जवळपास पंचवीस. एवढं मोठं की आत उभं राहून खड्डा आहे हेच कळत नाही. दोन्हीकडे आधी ज्वालामुखीच समजत होते. इथला निकाल १९६० साली शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी लावला, आणि १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर इथे दगड ओळखायला शिकून गेले. गावचं चर्चसुद्धा त्या आघातात तयार झालेल्या दगडाचं, आणि त्या दगडात डोळ्यांना न दिसणारे बारीक हिरे आहेत. बाबांचा चेहरा असा झाला, की आत्ता समोर पाचवीचा वर्ग असता तर!

चर्चचा मनोरा नव्वद मीटर, साडेतीनशे पायऱ्या. एकसष्ट वर्षांचे बाबा चढले. तीनदा थांबले, पण चढले. वरून गावाचा गोल, लाल छपरं आणि लांबवर त्या खड्ड्याच्या कडेचे डोंगर. तिथे, धाप लागलेली असतानाच, मी सांगून टाकलं. अपॉइंटमेंटचं, परवान्याचं, सगळं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईला माहीत आहे?"

"नाही."

"तिला आत्ताच नको सांगू. सहल होऊ दे."

रात्री दहा वाजता मनोऱ्यावरून रखवालदाराची हाक आली. रोज रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासाला तो वरून ओरडतो, "झो, क्सेल, झो". गोष्ट अशी सांगतात की १४४० साली फितुरीने वेशीचं दार उघडं ठेवलं होतं, एका डुकराने अंग घासताना ते हललं आणि गाव वाचलं. बाबा हॉटेलच्या खिडकीत उभं राहून दोन हाका ऐकत होते. तिसरीपर्यंत मला झोप लागली.

रविवारी औग्सबुर्ग. तिथे फुग्गेराय बघितलं. याकोब फुग्गर नावाच्या सावकाराने १५२१ साली गावातल्या गरीब कॅथलिकांसाठी बांधलेली ही वसाहत अजून चालू आहे. भाडं वर्षाला ८८ सेंट आणि रोज तीन प्रार्थना. आम्हाला आत जायला माणशी जे तिकीट पडलं, तेवढ्यात तिथला माणूस कित्येक वर्षं राहील. आईला घंटा ओढायच्या कड्या आवडल्या, प्रत्येक दाराची निराळी. अंधारात चाचपडून आपलं घर ओळखता यावं म्हणून. बाबा मात्र बाहेर येऊन फोनवर बोलत होते. प्लॉटिंगवाल्याचा फोन होता.

"नाही, सध्या जर्मनीत आहे... हां, बघायलोय सगळं... नाही, दसरा नाही जमायचं. पोरगा इचार करायलाय, दिवाळीनंतर बोलू."

मग ते गाडीकडे आले आणि न चुकता डावीकडचं दार उघडलं. या वेळी वळसा घालण्याआधी त्यांनी ते फोल्डर माझ्या सीटवर ठेवलं. "झेरॉक्स आहे. तुझ्याकडंच राहू दे."

मग मागे वळून मोजलं. "चार. चल."