वाट पाहावी, मग निघावे

पुणे-सातारा महामार्ग चेलाडी फाट्यावर सोडला की नसरापूर, मार्गासनी करीत रस्ता वेल्ह्याला जातो. थोडे पुढे कापूरहोळला वळले की भाटघर धरणाजवळून पंत सचिवांच्या भोरला पोहोचता येते. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले तरी लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे. राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्या पायथ्याशी गुंजवणी, वेळवंडी आणि नीरा यांची खोरी पसरली आहेत. त्यांतील बैलगाडीच्या वाटा, धरणाकाठचे कच्चे रस्ते आणि चढउतार माउंटन बाइक चालविणाऱ्यांना खुणावतात. सुट्टीच्या पहाटे पुण्याहून येणाऱ्या या सायकलस्वारांत व्यापारी घरांतील तरुणही असतात.

या प्रदेशाचे हवामान मात्र एकसारखे नाही. कोकणातून येणारे बाष्पयुक्त वारे घाटमाथ्यावर चढताना थंड होतात आणि तेथेच मोकळे होतात. त्यामुळे महामार्गालगत ऊन असताना केळद किंवा हिर्डोशीकडे मुसळधार पाऊस असू शकतो. म्हणूनच हवामान खाते पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देते. शहराचा अंदाज पाहून घाटाकडे निघणे म्हणजे एका खात्यातील शिल्लक पाहून दुसऱ्या खात्यावर धनादेश लिहिणे होय.

पावसाळ्यात वरंध घाटात दरडींचे भय असते आणि तेथील वाहतूक वेळोवेळी बंद ठेवावी लागते. घाटापलीकडे महाड तालुक्यातील तळिये गावावर 22 जुलै 2021 रोजी दरड कोसळून 80 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रस्ता बंद असल्याचा फलक सायकल अरुंद आहे म्हणून तिला सवलत देत नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते ओसरेपर्यंत थांबावे किंवा परत फिरावे. गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की नाही, हे काठावरून दिसत नाही.

धोका केवळ माणसाला नसतो. ओल्या मातीवरून चाक गेले की खोल चर पडते, पुढच्या सरीचे पाणी त्याच चरातून धावते आणि वाट वाहून जाते. चिखल टाळण्यासाठी कडेने सायकल घातली तर वाट रुंदावते आणि भाताच्या खाचराचा बांध तुटतो. याच दिवसांत खेकडे, बेडूक, गोगलगायी आणि असंख्य सूक्ष्म जीव जमिनीवर येतात. जैन घरांना हा विचार नवा नाही. आयुष्यभर पायी विहार करणारे साधु-साध्वीही चातुर्मासात एका ठिकाणी थांबतात, ते याच जीवांच्या रक्षणासाठी. ज्यांचे जीवनच चालणे आहे ते चार महिने थांबू शकतात, तर सुट्टीच्या दिवशी फिरणाऱ्याने कच्ची वाट सोडून डांबरी रस्त्यावर राहणे अवघड नसावे. टायरला माती चिकटू लागली की वाट अजून तयार नाही, एवढी खूण पुरेशी आहे.

ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन निरखून चालण्यास सांगितले आहे. ताशी 20 किलोमीटर वेगाची सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. तिला चार हातांची नजर पुरत नाही. म्हणून नजर लांब ठेवावी आणि वेग नजरेच्या आवाक्यात ठेवावा. ओल्या उतारावर वळणाच्या आधीच वेग कमी करावा आणि दोन्ही ब्रेक हलक्या हाताने वापरावेत.

दिवाळीच्या सुमारास माती आवळून येते, आणि तेथून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या वाटांचा खरा हंगाम. तेव्हाही सकाळी जलाशयांवर धुके असते. पुढे-मागे दिवे हवेत. भाताची कापणी, झोडणी चालू असेल तर उतरून सायकल हातात धरून जावे. गडांच्या पायवाटा आणि मढे घाटाची उतरण ही चालणाऱ्यांची. तेथे सायकल नेऊ नये.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते. गडगडाट ऐकू येताच पठार सोडावे, एकट्या झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पक्क्या इमारतीतून बाहेर पडू नये.

चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी परतण्याची शिस्त आहेच. डोंगरात तीच उपयोगी पडते: उकळलेले पाणी व खाऊ सोबत, परतीची वेळ निघण्यापूर्वी ठरलेली, आणि ती घरी सांगितलेली. आकाश बदलले तर अर्ध्या वाटेतून फिरण्यात कमीपणा नाही. राजगड कुठे जात नाही; माती सुकली की वाट पुन्हा तिथेच असते.