आजारपणातली दोन पुस्तकं

डेंग्यूचा ताप उतरला, पण सांधे काही केल्या धरायचे थांबेनात. मोबाइलचा उजेड सोसवेना, म्हणून उशाशी पुस्तकं आली.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ कॉलेजात वाचली होती. तेव्हा ती निव्वळ प्रेमकथा वाटली. या वेळी मात्र बोटीवरच्या नायक-नायिकेच्या, चक्रधर-हॅर्टाच्या, आजूबाजूची माणसंच जास्त दिसली. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले, कुठल्याच बंदराला नको असलेले ज्यू. कादंबरी 1939ची, म्हणजे पुढचं सगळं भयंकर अजून घडायचंच होतं. मुंबईला तो उतरणार, तिची बोट पुढे जाणार, हे ठाऊक असूनही मुंबई येऊ नये म्हणून मी पानं सावकाश उलटत होते. वेडेपणाच!

मग लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं असं कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. त्या हे हसत सांगतात, मीही हसले. मग मनात आलं, ते धूत कोण असेल? 1895 साली त्यांचे पती टिळक ख्रिस्ती झाले, तोवरचं आणि त्यानंतरचंही बाईंचं सोसणं वाचताना मला टिळकांचा भारी राग आला. कवी मोठे, कबूल. बाईंच्या लिहिण्यात मात्र कडवटपणा औषधालाही नाही.

पुस्तक संपेपर्यंत माझाही राग निवळला. हॅर्टाला सोडून मुंबईला उतरणाऱ्या कागदावरच्या चक्रधरवर मात्र मी अजून धुमसतेय. खऱ्या माणसाला सूट आणि काल्पनिकाला नाही, हा कुठला न्याय, कोण जाणे.