फेरसुनावणी

दिंडोशीत एक सत्र न्यायालय सरकारी आहे आणि दुसरं आमच्या इमारतीखालच्या सिमेंटच्या बाकावर. पहिल्यात खटले रेंगाळतात अशी लोकांची तक्रार. दुसऱ्यात ते निकाली निघतील की काय, हीच धास्ती. खटले अर्थात क्रिकेटचे.

सर्वांत जुना ७ जून १९७५ चा. पहिल्या विश्वचषकाचा पहिलाच दिवस, लॉर्ड्‌सचं मैदान, इंग्लंडच्या ४ बाद ३३४. उत्तरादाखल आमचे सुनील गावसकर साठच्या साठ षटकं खेळले आणि १७४ चेंडूंत ३६ धावा करून नाबाद परतले! दुसरा खटला १८ एप्रिल १९८६, शारजा. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार हव्या होत्या. चेतन शर्माचा यॉर्कर फसला, फुलटॉस पडला, आणि मियांदादचा षटकार.

संध्याकाळी मंडळी पाण्याच्या वेळेवर बोलत असतात. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन कुणीतरी थबकतो. "पण मी काय म्हणतो, छत्तीस म्हणजे जरा अतीच नाही का हो?" झालं! एखादा पोरगा मोबाइलवरून आकडे वाचू लागतो. त्याला गप्प करतात. इथे माहिती कुणाला हवी आहे?

खरं तर दोन्ही आरोपी एकाच दिवशी सुटलेत, तेही नागपुरात. ३१ ऑक्टोबर १९८७, विश्वचषक, समोर न्यूझीलंड. चेतन शर्मानं लागोपाठ तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. मग गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ कुटल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं एकुलतं एक शतक. हे मी बाकावर सांगितलं तेव्हा भयाण शांतता पसरली. आता उद्यापासून बोलायचं काय? अखेर चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "नागपूरचं नागपूरला. लॉर्ड्‌सचं काय?" सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

काका फिर्यादी. गावसकरांचे वकील तळमजल्यावरचे अण्णा. गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. त्यानंतर महिनाभर छत्तीसचं नाव कुणी काढलं नाही. काका यायचे, काठी टेकून बसायचे, उठून जायचे.

एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "तसं पाहिलं तर, समोर तीनशे चौतीस बघून माणूस दुसरं करणार तरी काय?"

हे तर अण्णांचं वाक्य! आता फिर्यादीची जागा रिकामी. नाइलाजानं मी सरसावून बसलो. "असं कसं काका? साठ षटकांत निदान एखादा चौकार तरी?"

"एक मारला होता," काका ताडकन म्हणाले, आणि थोडे सरकून त्यांनी मला बाकावर नीट जागा करून दिली.