सांडपाण्याचा हिशेब

सहलीला निघालेली कुटुंबे रस्त्याकडेला स्वयंपाक करतात, भांडी विसळतात आणि निघून जातात. मागे खरकट्या पाण्याचा चिखल व माशा राहतात. तो चिखल कोणीतरी साफ करतो. हा ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा कोणत्या वस्तीतला असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

मी आणि माझे साडू, दोघांनी मिळून दोन चाकांच्या जुन्या ट्रॉलीवर प्लायवूडची लहानशी खोली उभी केली. जीपमागे जोडायची आणि लेकराबाळांना घेऊन निघायचे. त्यात स्टीलचे छोटे सिंक बसवायचे ठरले तेव्हा साडू म्हणाले, “दादा, तळाला भोक पाडू आणि नळी खाली सोडून देऊ. रस्त्यावर कोण बघतंय?” माझी पत्नी तिथेच होती. ती म्हणाली, “ज्याच्या दारात सांडेल, तो बघेल ना!” विषय तिथेच मिटला.

मी पेशाने कारकून. बी.कॉम.ला शिकलो की दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. २० लिटर स्वच्छ पाणी गाडीत चढवले, तर जवळजवळ तेवढेच सांडपाणी उतरणार. म्हणून सांडपाण्याचा कॅन २५ लिटरचा घेतला. भरला की त्याचे वजन वीस किलोच्या घरात जाते, म्हणून तो चाकांजवळ पट्ट्याने घट्ट बांधला.

सिंकच्या भोकात जाळीचे कपलिंग बसवले. वरच्या कडेखाली सिलिकॉन, खालून रबरी वॉशर. प्लॅस्टिकचा नट हातानेच आवळावा, पान्याचा जोर लावला तर आटे जातात. त्याखाली बॉटल ट्रॅप. त्यात साचून राहणारे थोडेसे पाणी कॅनमधली दुर्गंधी वर येऊ देत नाही. गाडी हिंदकळली की ते पाणी कमी होते, म्हणून मुक्कामी पोहोचताच आधी तांब्याभर पाणी ओतायचे.

नळी आतून गुळगुळीत घेतली. तिला मीटरमागे दोन सेंटिमीटर तरी उतार हवा आणि मध्ये कुठे झोळ नको. झोळात खरकटे अडकून कुजते. कॅनमधली हवा बाहेर पडायला एक बारीक नळी वर नेली, नाहीतर पाणी गुडगुडत अडून राहते. शेवटी सांध्यांखाली कोरडे वर्तमानपत्र अंथरले आणि सिंक भरून सोडले. कागदावर एकही डाग पडला नाही.

ताटातले खरकटे आम्ही आधी पुसून वेगळे काढतो. कॅन रोज, मुक्कामाच्या मालकाला विचारून, त्याच्या मोरीत रिकामा करतो. ओढ्यात नाही, विहिरीजवळ तर मुळीच नाही. ही पाळी घरातल्या सर्वांची आहे. माझीही आणि मुलाचीही.

हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. गटारात व सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेच्या साधनांविना माणूस उतरवणे हाही त्यात गुन्हा ठरला. तरीही त्यात माणसे मरतच आहेत. एका कॅनने हे थांबणार नाही, हे मी जाणतो. परंतु आपली घाण दुसऱ्याने उचलायची असते, ही समजूत मुलांच्या मनात घरातूनच शिरते. ती काढायचीही तिथूनच, आणि त्यासाठी मला वीस रुपयांच्या वॉशरपासून सुरुवात करणे कमीपणाचे वाटत नाही.