कंप

अलोऱ्यातल्या माणसाला रात्री अवचित जाग आली, म्हणजे तो आधी कानोसा घेतो तो स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा. भांडी किणकिणत असली तर भूकंप. नसली तर मांजर, नाहीतर परसात पडलेला नारळ. कोयनेच्या शेजाराने लावलेली ही सवय आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तो मोठा भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण आईच्या तोंडून तो इतक्यांदा ऐकला आहे, की त्या पहाटे अंगणात कांबळे पांघरून मीही बसलो होतो, असे मला कधी कधी वाटते.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळा नुकता सरत असताना, अशीच एका रात्री मला जाग आली. पलंग हादरत होता. भांडी मात्र गप्प होती आणि बायको शेजारी गाढ झोपलेली. मी उठून बसलो, हात छातीवर ठेवला आणि भूकंपाचे केंद्र सापडले. कुंभार्ली घाट धावत चढून आल्यासारखे काळीज उडत होते. सकाळपर्यंत मी तसाच बसून राहिलो. कोणाला काही सांगितले नाही.

मी चित्रकलेचा शिक्षक. मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेला लागलो. त्यापुढे शिकलो नाही. या पेशात माझा एकच दिमाख होता, तो म्हणजे फळ्यावर कंपासाशिवाय एका दमात काढलेले वर्तुळ. पाचवीची मुले ते तोंडे उघडी टाकून बघत. त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच तासाला मी खडू उचलला, आणि वर्तुळाची कड अशी दातेरी उतरली की मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बटाटा!" वर्ग हसला. एरवी मीही हसलो असतो. त्या दिवशी मी त्या पोराला वर्गाबाहेर उभे केले, आणि तास संपेपर्यंत दाराकडे बघायचे टाळले.

भूक दुप्पट झाली होती आणि अंगावरचे मांस मात्र उतरत चालले होते. चौसष्ट किलोंचा मी छप्पन्नावर आलो. भर पौषात पंखा लागे. पोस्टमनने हाक मारली तरी पोटात गोळा येई. भीती वाटे, पण कशाची, ते विचाराल तर सांगता येत नसे. आणि याच सुमारास आणखी एक गोष्ट माझ्या आयुष्यातून नाहीशी झाली, तिचे नाव मी घेत नव्हतो. रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपू लागलो. इच्छा अशी राहिलीच नव्हती. आणि क्वचित झालीच, तर शरीर ऐन वेळी दगा देई. मग पुढच्या खेपेची धास्ती. म्हणजे धडधडीने इच्छा जाई आणि इच्छा गेल्याने धडधड वाढे. रहाटगाडगेच ते.

माझ्या नावावर चार कादंबऱ्या आहेत. त्यांतले पुरुष कर्जात बुडतात, मुंबईला पळून जातात, भावाशी कोर्टात भांडतात, एक तर डोहात उडी घेतो. पण त्यांतल्या एकाही पुरुषाला मी कधी अशी भिंतीकडे तोंड केलेली रात्र दिली नाही. सुचलीच नाही असे नव्हे. लिहायची लाज वाटली.

अशा माणसाचे पाय कुठे वळतात, ते पुरुष वाचकांना सांगायला नको. मुंबई-गोवा हमरस्त्यावरच्या भिंतींवर पिवळ्या रंगात ज्यांच्या जाहिराती असतात, त्यांच्यापैकीच एक तंबू ठोकून बसला होता. त्याने माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, "लहानपणच्या चुका आहेत." अठराशे रुपयांना तपकिरी भुकटीची बरणी दिली. ती मी शाळेच्या कपाटात पोस्टर कलरच्या बाटल्यांमागे दडवली आणि तीन महिने मधल्या सुट्टीत चहातून घेतली. चहा बिघडला, एवढाच तिचा परिणाम.

शेवटी मला चिपळूणला डॉक्टरकडे नेले ते बायकोने. आणि तेही वजनासाठी. डॉक्टर निघाली माझीच विद्यार्थिनी. आता ती तीस-बत्तीसची. मला बघताच उभी राहिली, आणि माझे उरलेसुरले धैर्यही गेले. तिने मला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले, बोटे पसरायला लावली आणि त्यांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पिंपळपानासारखा थरथरू लागला. मग ती माझ्या मागे उभी राहिली, गळ्यावर बोटे ठेवली आणि म्हणाली, "सर, गिळा." नाडी मोजली; एकशे अठरा.

"झोप?" नाही. "चिडचिड?" होते. "आणखी काही, सर?"

"काही नाही," मी म्हणालो.

खोलीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग बायको पदराशी चाळा करीत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दीड वर्ष झालं. हे माझ्याजवळ येत नाहीत."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे सीतेला वाटले असेल तसे मला त्या क्षणी वाटले. पण डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि घामाबद्दल लिहिले होते त्याच ओळीत हेही लिहून टाकले. माझ्या दीड वर्षाला कागदावर अर्धी ओळ लागली.

रक्ताच्या तपासणीत निघाले ते गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे दुखणे. माझी मेहुणी थायरॉईडची गोळी घेते, म्हणून हा बायकांचा आजार अशी माझी समजूत होती. बायकांत तो पुष्कळच अधिक आढळतो हे खरेच. म्हणून तर पुरुषाच्या बाबतीत तो लवकर कोणाच्या ध्यानी येत नाही. मेहुणीची ग्रंथी मंद, माझी उधळलेली. रॉबर्ट ग्रेव्ह्ज नावाच्या आयरिश डॉक्टराने १८३५ साली या रोगाचे वर्णन केले, आणि त्याचे नाव त्याला चिकटले. पण अहवालात एक गोष्ट मला उलटी वाटली. टी-४ चढलेले आणि टी.एस.एच. नावाचे काहीतरी मात्र ०.०१, म्हणजे जवळजवळ शून्य. साधारणपणे ते ०.४ ते ४ असावे लागते.

हे मला समजावले आमच्या वीजगृहातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याने. कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याशी ८० मेगावॅटची चार यंत्रे आहेत, त्यांवर त्याची हयात गेली. "मास्तर, हा गव्हर्नर आहे," तो म्हणाला. चक्र वाजवीपेक्षा वेगाने फिरू लागले की गव्हर्नर पाण्याची झडप मिटत आणतो. मंदावले की उघडतो. तसा मेंदूच्या बुडाशी पीयूषिका ग्रंथी नावाचा एक वाटाणा आहे. गळ्यातल्या ग्रंथीने फार रस सोडला, की तो आपला हुकूम आखडता घेतो. माझ्या वाटाण्याने हुकूम पार बंद केला होता, तरी चक्र फिरतच होते.

मग ते फिरवीत कोण होते? इथे वीजगृहाचा दाखला संपतो आणि मला पेशवाई आठवते. पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांचा तोतया १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, आणि कोकणातले किल्ले त्याला भराभर मिळत गेले. माझ्या रक्तातही असेच तोतये उभे राहिले होते. शरीराच्या रक्षणासाठी निर्माण होणारी प्रतिद्रव्ये वाट चुकून टी.एस.एच.चे सोंग घेत होती, आणि माझी भोळी ग्रंथी त्यांचे हुकूम पाळीत होती.

राहता राहिली ती गोष्ट. पुरुषत्वाचा रस म्हणजे टेस्टोस्टेरॉन, एवढे मला ऐकून ठाऊक होते. त्याचा शोध कोंबड्यांपासून सुरू झाला. १८४९ साली गटिंगेनच्या बेर्टोल्ट नावाच्या प्राध्यापकाने खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, आणि त्यांचा तुरा, आरव आणि भांडखोरपणा परत आला. १८८९ साली पॅरिसच्या ब्राऊन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या विख्यात शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला, आणि आपण तरुण झालो असे जाहीर केले. त्या अर्कात औषध नसल्यासारखेच होते. म्हाताऱ्याला तारुण्य आले ते भरवशाने. माझ्या भुकटीवाल्याचा हा पूर्वजच म्हणायचा, फक्त प्रामाणिक. खरे टेस्टोस्टेरॉन हाती लागले १९३५ साली.

तर माझे टेस्टोस्टेरॉन मोजले, आणि ते भरपूर निघाले. मी चक्रावलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर, एकूण आकडा बघू नका." थायरॉईडचा रस वाढला की यकृत एक प्रथिन जास्त तयार करते, ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवते आणि मोकळे थोडे उरते. पतपेढीत लाखाची ठेव असावी आणि खिशात एस.टी.च्या तिकिटालाही सुटे नसावेत, तशी माझी अवस्था होती. त्यात रात्रंदिवस वाघ मागे लागल्यासारखे धावणारे काळीज. वाघ मागे लागलेल्या माणसाला शय्या कुठून आठवणार?

मी हळूच विचारले, "इंजेक्शनं मिळतात म्हणे?" त्या पहिल्यांदाच कडक झाल्या. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की तोच गव्हर्नर वृषणांचे काम थांबवतो आणि बीजही आटते. ज्याचे खरोखर कमी आहे त्यालाच ते द्यायचे. आणि तेही सकाळच्या रक्तात, एकदा नव्हे दोनदा, कमी दिसले तर. कोणाचे मधुमेहाने आणि पोटाच्या घेराने उतरते, कोणाचे पीयूषिका ग्रंथीतल्या गाठीने.

परतताना एस.टी.त बायको खिडकीशी बसली होती. शिरगाव येईपर्यंत आम्ही बोललो नाही. मग ती म्हणाली, "मला वाटलं, माझी पिशवी काढली म्हणून."

दोन वर्षांपूर्वी तिचे ते ऑपरेशन झाले होते. आपण आता बाई राहिलो नाही म्हणून नवरा भिंतीकडे तोंड करतो, असे समजून ती दीड वर्ष निजत होती. आणि मी माझ्या पुरुषपणाच्या फिकिरीत. एका पलंगावर दोघे, आणि दोघांनाही आपापल्या ठिकाणी वाटत होते की कमी पडलो ते आपणच. मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. अलोऱ्याच्या थांब्यावर उतरताना मी तिच्या हातातली पिशवी घेतली. ती बाजाराची पिशवी होती, पण त्या शब्दाने दोघांनाही हसू आले.

औषध होते कार्बिमॅझोल, आणि पहिले काही आठवडे काळजाला लगाम म्हणून प्रोप्रॅनोलॉल. घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून ताबडतोब रक्त तपासायचे, असे दटावून सांगितले होते. कारण हे औषध क्वचित पांढऱ्या पेशी पाडते. धडधड पंधरवड्यात उतरली. वजन चैत्रापर्यंत आले. आणि ते दुसरेही आले, पण पाऊस येतो तसे. आधी नुसता वारा, मग दोन थेंब. दीड वर्षाने गोळ्या सुटल्या. दुखणे उलटू शकते म्हणून रक्त अजून तपासतो.

या काळात मला र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'चे काही जुने अंक वाचायला मिळाले. कर्वे मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या मुरूडचे. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे मासिक चालवले, आणि वाचक त्यांना लिहीत ते हेच, जे मी माझ्या विद्यार्थिनीला सांगू शकलो नाही. अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. 'धात जाते' म्हणून खंगत चाललेल्या तरुणांच्या तक्रारीला डॉ. नरेंद्र विगांनी वैद्यकात नाव मिळवून दिले तेही १९६० साली. तंबूतला माणूस अजून तेच वाक्य विकतो आहे, आणि मॅट्रिक झालेला, चार कादंबऱ्या लिहिलेला मास्तर ते अठराशे रुपयांना घेतो आहे.

माझी हकीकत मी एका सहकाऱ्याला सांगितली. शाळेच्या मागच्या आंब्याखाली तो बराच वेळ गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "माझंही असंच आहे." मी त्याला डॉक्टरबाईंकडे धाडला. थायरॉईड, साखर, टेस्टोस्टेरॉन, सगळे ठीक निघाले. त्याच्या डोक्यावर घराचे कर्ज होते, आणि मुलीचे लग्न मोडले होते. तो म्हणाला, "तुझ्यासारखी ग्रंथी निघाली असती तर बरं झालं असतं रे." त्याचे मला अजून उत्तर सापडलेले नाही. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही वाशिष्ठीच्या काठाने चालत जातो, आणि तो बोलतो.

वर्तुळ पूर्वीसारखे येत नाही. वयाचाही थोडा हात असेल. त्या बटाटेवाल्या पोराची यंदा दहावी झाली. मी त्याची माफी मागितली, तर त्याला ते आठवतच नव्हते.

गेल्या माघात एका रात्री पुन्हा जाग आली. पलंग हादरत होता. सवयीने हात छातीवर गेला. तिथे सगळे शांत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात डबे किणकिणले, आणि अंधारात बायको झोपेतच म्हणाली, "अहो, झोपा. धरणाचा आहे."