चढावरचे दोन सेकंद

धाकट्या भावाला कंपनीनं वर्षभरासाठी परदेशी पाठवायचं ठरवलं आणि त्याची जिवापाड जपलेली गाडी पुण्याहून थेट आमच्या गावी, हिवरा आश्रमाला, अंगणात येऊन उभी राहिली. ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन. 998 सीसीचं टर्बो इंजिन, 120 पीएस ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि सहा गिअर हातानं टाकायचे. आधी या गाडीत क्लचचं पेडल नसायचं. 2023 च्या सप्टेंबरात तीन पेडलांचा, खराखुरा मॅन्युअल गिअरबॉक्स आला आणि भावानं तेव्हाच घ्यायची ठरवली. जाताना चावी माझ्या हातात देऊन म्हणाला, "ताई, उभी ठेवू नको. बॅटरी उतरेल. चालवत राहा."

माझं लायसन्स तेव्हा नवं कोरं होतं. शिकले ती मोटार ट्रेनिंगची जुनी, बारकी गाडी. शिकवणाऱ्या काकांचा सगळा भर चढावर. गाडी चढावर उभी करायची, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडत न्यायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचललं जातं. "हे पाहा, क्लच धरला. आता रेस द्या अन् मंग हँडब्रेक सोडा. आधी नाही." केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये लायसन्सच्या परीक्षेसाठी जी कौशल्यं सांगितली आहेत, त्यात चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणं आहेच. तेव्हा ही काही काकांची एकट्याची हौस नव्हती.

त्या सवयीनं भावाची गाडी घेऊन मी गावाजवळच्या कोराडी धरणाच्या बाजूला गेले. रस्त्याला रहदारी कमी आणि एका ठिकाणी बऱ्यापैकी चढ. थांबले. ब्रेकवरचा पाय उचलला आणि डावा हात हँडब्रेककडे जाईपर्यंत लक्षात आलं, गाडी हलतच नाहीये. हँडब्रेक खाली होता. क्लच पूर्ण दाबलेला. चारही चाकं मोकळी असायला हवी होती आणि एवढं हजारेक किलोचं धूड चढावर तसंच उभं! मी बघतेय तोवर आतून कुणीतरी हात काढून घ्यावा तशी गाडी सुटली आणि मागे निघाली. घाईनं ब्रेक दाबला. पुन्हा तेच. पाय उचलला की थांबायची, मग सुटायची. थोडं पुढे, कमी चढावर करून पाहिलं तर तिथे अजिबात थांबेना. डॅशबोर्डवर दिवा नाही, आवाज नाही. गाडी कधी धरते, कधी नाही, काही कळेना.

रात्री भावाला फोन लावला. तो म्हणाला, "हिल असिस्ट आहे ते. दोन सेकंद धरतं. हँडब्रेक विसर आता."

विसर म्हणून विसरता येत असतं तर बरं झालं असतं. मला आधी समजून घ्यायचं होतं की गाडीला कोण धरून ठेवतंय. गाडीचं मॅन्युअल वाचलं, गावातल्या मिस्त्रींना विचारलं, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. आपण ब्रेक दाबतो तेव्हा ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांतून चाकांपर्यंत पोचतो. पाय उचलला की तो दाब परत फिरतो आणि चाकं मोकळी होतात. गाडी घसरू नये म्हणून जे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असतं, त्याच्याकडे गाडी किती कललीय हे ओळखणारा सेन्सर असतो आणि ऑइलची वाट अडवणारे व्हॉल्व्हही असतात. चढ पुरेसा आहे, गाडी पूर्ण थांबलीय, असं दिसलं की हे व्हॉल्व्ह तो दाब परत येऊ देत नाहीत. इंजिनाची ओढ पुरेशी झाली की दाब सोडतात. नाहीच झाली तरी दोनेक सेकंदांनी सोडतातच. चढ कमी असेल तर अडवतच नाहीत. म्हणून त्या कमी चढावर गाडी थांबत नव्हती.

ही कल्पना काही आजकालची नाही. अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीनं 1936 मध्ये आपल्या प्रेसिडेंट मोटारीत 'हिल होल्डर' दिला होता. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. ब्रेकच्या नळीच्या वाटेवर एक छोटी कोठडी आणि तीत एक गोळी. गाडी चढावर उभी राहिली की गोळी घरंगळत मागे जायची आणि ऑइलची परतीची वाट बंद करायची. क्लच दाबलेला असेपर्यंत दाब तसाच, क्लच सोडत आणला की वाट मोकळी. हे वाचलं आणि मला ती जुनी युक्ती मनापासून आवडली. कारण तिथे गाडी कधी सोडायची हे चालवणाऱ्याचा पाय ठरवत होता. माझ्या गाडीत ते घड्याळ ठरवतं. शिकाऊ माणसाचा खरा गोंधळ या घड्याळाशी असतो. दोन सेकंद ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाय न्यायला पुष्कळ झाले. पण मन धास्तावलेलं असेल तर ते कधी संपले तेही समजत नाही.

आणि टर्बोची गाडी असली की त्यात भर पडते. या इंजिनाची 172 न्यूटन मीटरची ओढ मिळते ती 1500 आरपीएमपासून पुढे. नुसतं चालू ठेवलेलं इंजिन हजाराच्याही खाली फिरत असतं. तिथे त्याच्यात फारसा जोर नसतो. ट्रेनिंगची जुनी गाडी सपाटीवर नुसत्या क्लचवरही पुढे सरकायची. हिला रेस लागतेच. चढावर तर आधी रेस, मग क्लच. गाडी जितकी चपळ, तितकी निघताना मागणी जास्त, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वेगाची मजा पुढे आहे, त्याच्या आधी हा एक हातभर रस्ता पायांनी शिकावा लागतो.

मग मी एक केलं. त्याच चढावर गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा आणि काच खाली करून क्लच नेमका कुठे धरतो ते नुसतं ऐकायचं. पुढे जायचंच नाही. आवाज जड झाला की पुन्हा क्लच दाबायचा. पाय त्या जागेवर आपणहून जायला लागल्यावर हँडब्रेक खाली ठेवला आणि हिल असिस्टवर निघून पाहिलं. क्लच धरायच्या जागी आधीच आणून ठेवलेला, मग ब्रेकवरून पाय उचलला. गाडी अलगद निघाली. तेव्हा उमगलं की ते दोन सेकंद गाडी चालवण्यासाठी नाहीतच. उजव्या पायाला एका पेडलवरून दुसऱ्यावर जाता यावं एवढ्यासाठीच आहेत. बाकी सगळं काम त्याच्या आधी झालेलं असायला हवं.

याची खरी परीक्षा राजूर घाटात झाली. मुंबईहून आत्या येणार होती, मलकापूरच्या स्टेशनवर उतरणार होती. हिवऱ्याहून चिखली, बुलढाणा आणि पुढे राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर. जाताना उतार, त्याची भीती नव्हती. येताना घाटाच्या मध्यावर रांग लागली होती. पुढे मालानं भरलेला ट्रक, मागे एसटी. ट्रकपासून मी चांगलं अंतर ठेवून थांबले होते. रांग हलली, ट्रकनं जोर लावला आणि पुढे जायच्या आधी हातभर मागे आला. आत्यानं माझा दंड धरला. "बाई वं, ट्रक मांगं येऊन राह्यला!" तोवर क्लीनर उडी मारून खाली उतरला होता. हातातला लाकडी ठोकळा त्यानं मागच्या चाकाला लावला. ट्रक त्यावर टेकला. ड्रायव्हरनं पुन्हा रेस दिली, चाक ठोकळ्यावरून सुटलं, क्लीनरनं ठोकळा उचलला आणि चालत्या ट्रकच्या पायरीवर चढला. सगळं ओळखीचं, रोजचं असावं इतक्या सहज. मी ते बघत राहिले. माझ्या गाडीतले व्हॉल्व्ह जे काम करतात तेच हा पोरगा दोन चाकांच्या मध्ये वाकून करत होता, आणि त्याच्या जिवाला धोका होता. असल्या सोयी आधी ट्रकांत यायला हव्यात, असं मला तेव्हा फार तीव्रतेनं वाटलं, आजही वाटतं. नव्या अवजड गाड्यांत त्या येऊ लागल्या आहेत, पण आपल्या घाटांत जुने ट्रक अजून पुष्कळ आहेत.

त्या रांगेत मी हिल असिस्टवर अवलंबून राहिले नाही. दर वेळी हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं, पायांना विश्रांती दिली. मागे एसटी इतकी जवळ की आरशात नुसती तिची काच दिसत होती. अशा ठिकाणी दोन सेकंदांवर भरवसा ठेवायचा आणि ऐन वेळी पुढचा ट्रक अडला तर? असिस्टची वेळ संपून गेलेली असणार. हँडब्रेकला घड्याळ नसतं. निघताना मात्र दोन्ही सोबतीला होते, आणि ते एकमेकांच्या आड आले नाहीत.

हळूहळू सरकणाऱ्या गर्दीत आणखी एक गोष्ट समजली. विवेकानंद जयंतीला आमच्या गावात लाखोंचा समुदाय येतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून पुरी आणि वांग्याची भाजी पंगतीत जाते. त्या दिवसांत गावाकडे येणारे रस्ते मुंगीच्या वेगानं सरकतात. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायचा मोह तेव्हा होतो. मिस्त्रींनी मला बजावून ठेवलं होतं, "क्लचनं गाडी धरू नका मॅडम, प्लेट जळते. वास आला म्हणजे पैसे गेले." दर चार पावलांनी थांबायचं असेल तर ब्रेक, असिस्ट, क्लच, पुन्हा ब्रेक हा क्रम खरोखर सोपा पडतो. इथे मी भावाच्या बाजूची आहे. या दिवशी मला हिल असिस्ट नको असं कुणी म्हटलं तर मी ऐकणार नाही.

स्पोर्ट्स गाड्यांच्या शौकिनांना ही सोय नकोशी वाटते, असं भाऊ सांगतो. क्लच आणि ब्रेक दोन्ही आपल्या ताब्यात असावेत, मध्ये तिसऱ्यानं हात घालू नये, अशी त्यांची तक्रार. आधी मला हे नखरे वाटले. आता नाही वाटत. क्लच ज्या क्षणी धरतो त्या क्षणी ब्रेकही अजून किंचित धरून असतो, आणि ती ओढाताण पायाला जाणवते. ज्याचा पाय तयार आहे त्याला ती खुपणारच. माझा पाय अजून तितका तयार नाही, म्हणून मला ती चालते.

दिवाळीच्या सुट्टीत भाची येणार आहे. तिला गाडी शिकायचीय आणि तीही याच गाडीवर. भाऊ म्हणतो, "असिस्टवरच शिकव, उगाच घाबरेल." मी ठरवलंय की आधी हँडब्रेक. आमच्या शेजारच्या जुन्या जीपला असिस्ट नाही, ट्रॅक्टरला नाही, आणि भाचीला उद्या कोणती गाडी घेऊन कुठल्या चढावर थांबावं लागेल ते आज कोण सांगणार? क्लच कुठे धरतो ते तिच्या पायाला कळलं की मग ब्रेकवरून पाय उचलायला सांगेन आणि गाडी धरून ठेवते ते तिला दाखवीन. रिव्हर्स टाकून मागच्या चढावर जातानाही ती धरते, तेही. आमच्या अंगणातून रस्त्यावर गाडी काढायची तर मागेच चढ आहे, तिथूनच सुरुवात करायची.