रोल संपवायचा म्हणून

धाकटे काका आमच्या घरातले फोटोवाले. गळ्यात अ‍ॅगफा क्लिक थ्री आणि तोंडी "हलू नका रे!" बडोद्याला बनणारा तो कॅमेरा अगदी साधा, ऊन आहे की ढगाळ, एवढंच ठरवायचं आणि खटका दाबायचा. पण एका रोलमध्ये फोटो १२च, त्यामुळे प्रत्येक फोटोआधी घरात खल व्हायचा.

काकांच्या माघारी माळ्यावरून निगेटिव्हचा पत्र्याचा डबा निघाला. झाकण काढताच व्हिनेगरचा भपकारा. अ‍ॅसिटेटची फिल्म उष्ण-दमट हवेत खराब होऊ लागली की अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि बंद डब्यात कोंडलं की शेजारच्या फिल्मलाही नासवतं. आक्रसलेल्या पट्ट्या बाजूला काढल्या, बाकीच्या कागदी पाकिटांत घातल्या आणि चुलतबहिणीने स्कॅन करायला घेतल्या. स्कॅनरमधली आपोआप धूळ काढायची सोय इथे निरुपयोगी. ती इन्फ्रारेडवर चालते आणि कृष्णधवल फिल्मवरची चांदी ते किरण अडवते. त्यामुळे बुरशीचे ठिपके, ओरखडे सगळं हाताने. आजीच्या गालावरचा एक ठिपकाही तिने साफ केला. तो देवीचा वण होता. बाबांनी परत आणायला लावला.

खरी गंमत पुढे. काळ्या पानांच्या अल्बममध्ये मुंजी, बारशी, सगळे ताठ उभे. छापून घ्यायला पैसे पडत, म्हणून तेवढेच निवडलेले. हललेले, डोळे मिटलेले आणि मुख्य म्हणजे 'रोल संपवायचा म्हणून' काढलेले फोटो डब्यातच राहिले. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला देणं परवडायचं नाही, मग काका उरलेले दोन-तीन फोटो दिसेल त्याचे काढून टाकत. त्यात आई स्टोव्हला पिन मारतेय. गच्चीवर पापड, राखणीला पेंगुळलेला कोणीतरी. मोरीबाहेर टमरेल. आणि मोठी आत्या, जिला आम्ही जन्मभर करारी म्हणून घाबरलो, ती पायरीवर बसून तोंड उघडं टाकून हसतेय. मला विचाराल तर घर इथे आहे, अल्बममध्ये आहेत ते पाहुणे.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडू लागले तसे पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतचे भाचे-पुतणे जागे झाले. एकाने एआयकडून आजीचं लुगडं जांभळं करून आणलं. धाकट्या आत्याचा आवाजी निरोप तासाभरात हजर: "आईने जन्मात जांभळं नेसलं नाही. हिरवं होतं, आणि ते मीच फाडलं." रंगवणं तिथेच थांबलं. पापडांपाशी पेंगणारा मुलगा कोण, यावर मात्र दोन चुलतभावांचा दावा आहे. दोघेही सत्तरीचे, आणि माघार घ्यायला कोणी तयार नाही.